तपासणीतून सुटलेली ओळ

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सात माणसं. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं काम. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि त्या सातांत सगळ्यांत हुशार मीच, असं आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, रोज कुणाच्या ना कुणाच्या देखत सांगायचे. रोज ऐकून ते मला खरं वाटायला लागलं होतं.

आमच्यात एक फौजी होते. पाटणच्या बाजूचे. लष्कराच्या सिग्नल विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि चाळिशी ओलांडल्यावर प्रोग्रॅमिंग शिकले. व्हिडिओ बघायचे, थांबवायचे, वहीत उतरवून घ्यायचे. हळू काम करायचे, पण केलेलं सहसा बिघडायचं नाही. ते मला मॅडम म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचे, आणि माझ्या त्या 'काका'त आदराचा लवलेश नव्हता.

सांगलीच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या डायलिसिस विभागाचं काम आम्हाला मिळालं. कुठल्या पेशंटची पाळी कुठल्या दिवशी, कुठल्या मशीनवर, आणि पाळी बदलली तर पेशंटला मेसेज. एकाच वेळी शेकडो कामं चालणार, म्हणून मी तो प्रोग्रॅम असिंक्रोनस पद्धतीनं लिहायचं ठरवलं. एक काम डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत थांबलं की तेवढ्या वेळात दुसरं पुढं सरकतं. काही कामं तर मागं सोडूनच द्यायची. ती आपापली होत राहतात. धोका एवढाच, की मागं सोडलेलं काम कोसळलं आणि त्याचं काय झालं हे कुणी विचारलंच नाही, तर कुणाला पत्ता लागत नाही.

म्हणून मी आणखी एक गोष्ट आणली. डेटाबेसला विचारायची प्रत्येक क्वेरी प्रोग्रॅम कंपाइल होतानाच, म्हणजे चालवण्याआधी मशीनच्या भाषेत उतरतानाच, तपासली जाईल. कंपायलर खऱ्या डेटाबेसच्या नकलेला जोडून बघणार, की या नावाचं टेबल आहे का, हा कॉलम आहे का, तुम्ही आकडा मागताय तिथं अक्षरं तर नाहीत ना. चूक असेल तर प्रोग्रॅम तयारच होणार नाही. पेशंटसमोर फजिती होण्यापेक्षा ऑफिसात झालेली बरी. कल्पना चांगली होती आणि आजही आहे.

पण मी भिंतीवर एक टीव्ही लावला. कुणाचं कंपाइल फसलं की त्यावर लाल अक्षरांत त्याचं नाव यायचं. सगळ्यांचंच यायचं, पण हसू यायचं ते फौजींचं नाव आलं की. त्यांच्याकडून कॉलमच्या नावात एखादं अक्षर मागंपुढं व्हायचं. मी माझ्या खुर्चीतूनच ओरडायचे, "काका, आज पण शहीद का?" पोरंपोरी खिदळायची. ते टीव्हीकडं बघायचे, वहीत काहीतरी टिपायचे आणि म्हणायचे, "व्हय मॅडम, चुकलं. दुरुस्त करतो."

बऱ्याचदा तेवढाही धीर मला नसायचा. मी त्यांच्या टेबलाशी जायचे, "उठा काका" म्हणायचे, त्यांच्या खुर्चीत बसून त्यांच्याच मशीनवर चूक दुरुस्त करायचे. माझ्या वडिलांच्या नसला तरी धाकट्या काकाच्या वयाचा तो माणूस हात मागं बांधून उभा राहायचा.

मेसेज पाठवण्याचा भाग त्यांच्याकडं होता. एका दुपारी दवाखान्याला काम दाखवायला सांगलीला जायचं होतं. सर खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. मेसेज कुणाला जाणार याची क्वेरी दर वेळी वेगळ्या अटींनी बनवायची होती आणि ती काही केल्या कंपायलरच्या तपासणीतून जाईना. मी फौजींना उठवलं, बसले, आणि तपासणी वगळून ती क्वेरी साध्या मजकुरासारखी जोडून टाकली. म्हणजे ती बरोबर आहे की नाही हे आता प्रोग्रॅम चालेल तेव्हाच कळणार होतं.

मागून ते म्हणाले, "आवं मॅडम, तुमीच सांगितलं हुतं ना, तपासल्याबिगर एक बी क्वेरी जाऊ द्यायची न्हाई म्हणून?"

सगळे ऐकत होते. मी वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "काका, मला अक्कल शिकवायचा पगार तुम्हाला देत नाहीत."

ओळ त्यांच्या लॉगिनवरून, त्यांच्या नावानं नोंदली गेली. मी पर्स उचलून जिना उतरले.

पुढं काही आठवड्यांनी दवाखान्यानं सांगितलं, पेशंटबरोबर नातेवाइकाचाही नंबर ठेवा. मी मोबाइलच्या कॉलमचं नाव बदललं. कंपायलरनं जिथं जिथं जुनं नाव होतं तिथं तिथं बोट ठेवलं, अकरा ठिकाणी. मी अकराही दुरुस्त केली. टीव्ही हिरवा झाला. मी सरांना म्हणाले, "बघा, एक सुटत नाही." बारावं ठिकाण त्या न तपासलेल्या ओळीत होतं, आणि ती ओळ मी साफ विसरले होते.

मग दोनच दिवसांनी दवाखान्यातला पाणी शुद्ध करण्याचा प्लँट बिघडला. सगळ्यांच्या पाळ्या पुढं ढकलल्या. मेसेजचं काम मागं सुटलं, डेटाबेसनं 'असा कॉलम नाही' म्हणून उत्तर दिलं, काम तिथंच मेलं, आणि ते मेलं हे कुणी विचारलं नाही. एकाही पेशंटला मेसेज गेला नाही.

बहुतेक जण गावातले होते, परत गेले. एक बाई जत तालुक्यातून एसटीनं आल्या होत्या, नवऱ्याबरोबर. तीन तासांचा प्रवास करून आल्या, बंद दार बघून तसाच तीन तासांचा प्रवास करून परत गेल्या. आयत्या वेळी मिरजेत जागा मिळाली नाही, आधी कळलं असतं तर तिथं सोय झाली असती. डायलिसिस चुकल्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी फुप्फुसात पाणी भरून त्यांचा श्वास कोंडला, भाड्याच्या गाडीतून त्यांना सांगलीला आणावं लागलं. आठ दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या.

दवाखान्याचा फोन आल्यावर मी दहा मिनिटांत ती ओळ शोधली. बघताक्षणी आठवलं. सरांनी विचारलं, "कुणी लिहिली?" मी स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. नोंदीत फौजींचं नाव होतं.

फौजी उठून आले, वाकून वाचलं. "सर, ही वळ मी न्हाई लिहिली. मॅडमनी लिहिली, माझ्या मशीनवर बसून. सांगलीला जायच्या दिवशी."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "काकांच्या लक्षात नसेल. एवढ्या चुका रोज होतात, कुठली कुठली लक्षात ठेवणार?"

कुणीतरी हसलं. मला बरं वाटलं, हे लिहायलाच पाहिजे. त्या दुपारी सगळे तिथं होते, सगळ्यांनी ऐकलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

दोन दिवसांनी दवाखान्यानं आम्हाला बोलावलं. सर, मी आणि फौजी गेलो. व्यवस्थापकांच्या खोलीत त्या बाईंचा नवरा बसला होता. हातात पाण्याची रिकामी बाटली, बोलण्यात कानडी हेल. त्यानं एकच विचारलं, "कुणी लिव्हलंय ते?" सरांनी फौजींकडं हात केला. फौजी सवयीनं ताठ उभे राहिले.

"फौजेत हुता म्हणं तुमी," तो म्हणाला. "बाईमाणसाचा जीव जात हुता गाडीत. लाज वाटाय पायजे."

फौजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी बोलते का, याची ते वाट बघत होते. मी खिडकीतून खाली लावलेल्या स्कूटर बघत राहिले.

महिनाअखेरीस त्यांना काढलं. मी बढती घेतली, एक नियम केला, न तपासलेली क्वेरी कुठंच चालणार नाही, आणि त्या नियमावर भाषणं द्यायला लागले. कराडच्या कॉलेजात, सांगलीत, आमच्याकडं रुजू होणाऱ्या प्रत्येकासमोर. "आमच्याकडं एक माजी सैनिक होते," अशी सुरुवात करायचे. "माणूस प्रामाणिक, पण कंपायलरला फसवायला गेला." लोक मान हलवायचे. गोष्ट सांगून सांगून इतकी गुळगुळीत झाली होती की मला स्वतःला तो सीन तसाच दिसायचा, खुर्चीत ते बसलेले.

दोन वर्षांनी शिरवळच्या एका कारखान्याचं काम मिळवायला सर आणि मी गेलो. आमचा प्रोग्रॅम तपासायला त्यांच्या बाजूनं पाच जण बसले होते आणि मधल्या खुर्चीत फौजी. ते आता तिथले सॉफ्टवेअर प्रमुख होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तपासणी कंपाइल होतानाच करता, ह्ये झ्याक हाय. पण मॅडम, ती सांगलीची गोष्ट सांगा की ह्यांस्नी. लय चांगली सांगता म्हणं. आमच्यातल्या एका पोरीनं तुमच्या कॉलेजातल्या भाषणात ऐकलीय."

मी तोंड उघडलं. "आमच्याकडं एक..." एवढंच आलं. पाच माणसं हातात पेन घेऊन बघत होती. फौजी टेबलावर हात ठेवून बसले होते. मदत करायचा त्यांचा विचार नव्हता. मी घोटभर पाणी प्यायले आणि सांगितलं. ओळ मी लिहिली. मशीन यांचं होतं. यांनी मला अडवलं होतं. पुढं खोटंही मीच बोलले.

मग सर हसले. "जुनी गोष्ट आहे हो. चुका कुणाच्या होत नाहीत?" आणि पुढचं पान उघडलं.

फौजी एवढंच म्हणाले, "बास. चला, फुडं दाखवा."

काम आम्हालाच मिळालं. मला कुणी काढलं नाही, टीव्हीवर माझं नाव लाल अक्षरांत आलं नाही. निघताना गेटपाशी मी त्यांची माफी मागायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "माझ्याकडं नगो. माझं मी बघून घेतलं. तवा ज्यानं मला इचारलं त्याला जाऊन सांगा."

दवाखान्यातल्या एका ओळखीच्या नर्सकडून त्या नवऱ्याला निरोप धाडला. त्यानं येऊ दे म्हणून कळवलं. एका रविवारी मी जतच्या एसटीत बसले. बाई घरी होत्या. डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली हाताची शीर पदराखाली झाकून त्यांनी मला चहा दिला आणि आत गेल्या. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. त्याच तर ऐकायला मी गेले होते. त्या ऐकून हलकं होऊन परतायचं होतं.

तो अंगणाकडं वळला. मग म्हणाला, "म्हंजे त्या माणसाचं काईच न्हवतं?"

"नाही."

"आन् मी त्याची लाज काढली. समद्यांच्या म्होरं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुमी आज मोकळ्या झाला बाई. माझ्या गळ्यात घातलं."

तो उठला, कोनाड्यातून पेन आणि एक जुना केसपेपर घेऊन आला आणि त्याची कोरी पाठ माझ्यासमोर धरली.

"त्येंचा पत्ता लिवा," तो म्हणाला. "शिरवळला कुठल्या एसटीनं जायाचं, त्ये बी लिवा."