क्रोएटांचं मूळ आणि माझं

इथल्या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत मी क्रोएट लोकांवर लेख दिला होता. मी इतिहासाची शिक्षिका. फुटबॉलमुळे ते चौकड्यांचे शर्ट घरोघरी माहीत झालेत, म्हणून संपादकांनीच विषय सुचवला. पाच भाऊ आणि दोन बहिणी आपल्या लोकांना घेऊन आले, ही एका बायझंटाईन सम्राटानं नोंदवलेली कथा मी सांगितली. डॉन नदीच्या मुखाशी सापडलेल्या शिलालेखांत त्यांच्या नावासारखं एक इराणी वळणाचं नाव आहे, म्हणून कोणी त्यांना इराणी म्हणतं, कोणी अस्सल स्लाव, हेही लिहिलं. शेवट एवढाच केला होता: खात्रीनं कोणालाच माहीत नाही.

छापून आलं ते वाचून माझं डोकंच फिरलं. शेवटची ओळ गायब. तिच्या जागी, क्रोएट मूळचे आपल्या सरस्वतीकाठचे, म्हणजे आपलेच. खाली माझं नाव. उद्या वर्गातल्या पोरींनी विचारलं तर काय तोंड दाखवू?

दुसऱ्याच दिवशी मी बडा गणपतीच्या देवळाजवळ मंडळाच्या कचेरीत गेले. संपादक निवृत्त गृहस्थ, बोलायला गोड. रविवारी घरी पुरणपोळीला या, असं आठवड्याभरापूर्वीच आग्रहानं सांगून ठेवलेलं. मी दुरुस्ती छापा म्हटलं. त्यांनी चहा मागवला.

"इतकं काय टेंशन घेता मॅडमजी? पढ़के लोकांना गर्व वाटला पाहिजे ना."

मी म्हटलं, पुरावा नाही. ते हसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाकी तुम्ही मूळच्या कुठल्या?"

महूच्या, मी सांगितलं. महू ठीक, पण त्याच्या आधी? पणजोबा फौजेत होते. हो, पण फौजेच्या आधी? आडनावावरून काही पत्ता लागत नाही, असंही म्हणाले. हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकतेय. गाव कोणालाच नको असतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"जात विचारायचीय ना? सरळ विचारा. आम्ही बौद्ध."

"अरे, आम्ही तसलं काही मानत नाही," ते घाईनं म्हणाले. दुरुस्तीला लगेच तयार झाले. मी उठले तेव्हा दारापर्यंत आले आणि चपलांकडे बघत म्हणाले, रविवारी अचानक पाहुणे येतायत, पुढचं फोन करून कळवतो.

संताप एवढा आला की स्कूटरची किल्ली लागेना. कुठल्या दूरदेशीच्या माणसांना, कधी न पाहिलेल्यांना, एका दगडावरच्या नावावरून हा माणूस घरात घेतो. मी चार पिढ्या इथली, त्याच्याच भाषेत लिहिणारी.

महिन्याभरानं शुद्धिपत्र आलं, माझी ओळ जशीच्या तशी छापलेली. फोन अजून आलेला नाही.