सूर्यास्ताआधीची गोळी

माझ्या आयुष्यातले सगळ्यात गाजलेले प्रसंग मी स्वतः पाहिलेले नाहीत. मला फिट येते तेव्हा घरातले, शेजारचे, रस्त्यावरचे सगळे हजर असतात आणि गैरहजर असते ती फक्त मी. शुद्धीवर आल्यावर जो तो आपापल्या परीनं हकीकत सांगतो, आणि प्रत्येक हकिकतीत मला सांगणाऱ्यानंच वाचवलेलं असतं.

पहिली फिट नववीत आली, शाळेत प्रार्थनेच्या वेळी. डोळे उघडले तर नाकासमोर चप्पल. कोल्हापुरी चप्पल दुकानात टांगलेली असते तेव्हा तिचं कौतुक साऱ्या जगाला आहे. पण ही पीटीच्या सरांची होती, आणि पाच-सहा पावसाळे त्यांच्या पायात मुरलेली होती. मी तोंड फिरवलं तर सर म्हणाले, बघा, गुण आला. फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय चपलेला जातं, हे मला कळायला पुढं सात वर्षं लागली.

घरी अडचण वेगळी होती. आम्ही जैन. अण्णांचा गुळाचा व्यापार, त्यामुळं ते दिवसभर मार्केट यार्डात, आणि घरात आईचं राज्य. तिच्या राज्यात कांदा-लसूण नाही, चामडं नाही. म्हणजे फिट आलेल्या माणसाला हुंगवायच्या ज्या दोन गोष्टी अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक, त्या दोन्ही आमच्या घरात औषधालाही सापडायच्या नाहीत. ती उणीव शेजारच्या काकूंनी भरून काढली. काकूंच्या दारात दोन म्हशी, अंगात रग आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. आमच्याकडं भांडं पडल्याचा आवाज आला की काकू एका हातात फोडलेला कांदा आणि दुसऱ्या हातात काकांचं पायताण घेऊन धावत यायच्या. आई त्यांना दारात अडवायची. कांदा उंबऱ्याच्या आत येता कामा नये. मग दोघी मिळून मलाच ओढत उंबऱ्यापर्यंत न्यायच्या. माझं नाक उंबऱ्याबाहेर आणि बाकीची मी धर्मात, अशा अवस्थेत मी कितीदा तरी शुद्धीवर आले आहे.

शेवटी अण्णांनी मला कोल्हापुरातल्याच एका मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी डोक्याला वायरी लावून तपासणी केली, याला अपस्मार म्हणतात, हा बाहेरच्या बाधेचा प्रकार नाही आणि गोळ्यांनी आटोक्यात राहतो, असं सांगितलं. चिठ्ठीवर लिहिलं, १-०-१. सकाळी एक, संध्याकाळी एक, रोज ठरल्या वेळेला, एकही चुकवायची नाही. आईनं ती चिठ्ठी देवाच्या फोटोजवळ ठेवली आणि त्या दिवसापासून एकही गोळी चुकवू दिली नाही. घोटाळा झाला तो ‘संध्याकाळी’ या शब्दात.

आमच्या घरी सूर्यास्तानंतर कुणी काही खात नाही, आणि आई तर पाण्याचा थेंबही घेत नाही. आठव्या वर्षी घेतलेलं व्रत आहे तिचं. लग्नात नाही, प्रवासात नाही. माझ्या जन्माच्या वेळी ती संध्याकाळपासून कळा देत होती. घसा कोरडा पडला, नर्सनं पाणी पुढं केलं, तरी तिनं तोंड मिटून घेतलं. हे मला तिनं हजारदा ऐकवलं आहे, विशेषतः मी पंख्याखाली बसून उकडतंय म्हणते तेव्हा. तर अशा घरात संध्याकाळची गोळी म्हणजे कधीची? आईच्या मते प्रश्नच नव्हता. भिंतीवर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेलं कॅलेंडर होतं. ते पाहून, उगाच काठावर नको म्हणून अर्धा तास आधी, ती गोळी आणि पाणी घेऊन समोर उभी राहायची. सकाळची गोळीही तशीच. ऊन वर आल्यावर, आंघोळ झाल्यावर, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन देवाचं दर्शन झाल्यावर. त्याआधी तोंडात काही नाही.

फिट येतच राहिल्या. उन्हाळ्यात क्वचित आणि थंडीत हमखास, तीही सकाळी, बस्तीच्या वाटेवर नाहीतर आंघोळ करून बाहेर येताना. डॉक्टर दर वेळी विचारायचे, गोळ्या वेळेवर घेते ना? आई ताठ बसून सांगायची, एक मिनिट इकडचं तिकडं होत न्हाई. खोटं काहीच नव्हतं. सूर्य कधी वेळ चुकवतो का? मग डॉक्टर गोळीची ताकद वाढवायचे. तीन वर्षांत गोळी एवढी जड झाली की मी बी.एस्सी.चे अर्धे तास बाकावर डोकं ठेवून काढले.

थंडीत फिट येते म्हणजे थंडीनं येते, हा शोध आईचा. मग दही बंद, केळं बंद, फरशीवर अनवाणी चालणं बंद. आणि माकडटोपी सुरू. तपकिरी रंगाची, हनुवटीखाली बटण असलेली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दिवाळीपासून होळीपर्यंत माकडटोपीत फिरावं लागणं याला सहनशीलता लागते, आणि ती माझ्यात मुळीच नाही. मी टोपी कोपऱ्यावर काढून पिशवीत घालायचे. तिथंच काकू म्हशींना वैरण टाकत असायच्या आणि संध्याकाळी आईला बातमी पोचलेली असायची.

अशात मला नोकरी आली. गगनबावड्याच्या एका शाळेत गणित शिकवायचं. तिथले सर मे महिन्यात निवृत्त होणार होते, मला जूनपासून हजर व्हायचं होतं. मी आनंदानं घरभर नाचले. आई मटकन खाली बसली. गगनबावडा म्हणजे घाटमाथा, चार महिने धुकं आणि पाऊस, भिंतींना ओल. तिच्या हिशेबात मुलीला फिट येण्यासाठी याहून सोयीची जागा देवानंही निर्माण केली नसती. शिवाय तिथं खोली घेऊन एकटीनं राहायचं. मी आरडाओरडा केला, दोन दिवस जेवले नाही, म्हणजे सूर्य असतानाही जेवले नाही. शेवटी अण्णांनी निवाडा केला. दिवाळीपासून होळीपर्यंत एकही फिट आली नाही तर खुशाल जा. आली तर पुन्हा विषय काढायचा नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर होती आणि त्याआधीच्या सात वर्षांत माझा एकही हिवाळा कोरडा गेला नव्हता.

डॉक्टरांच्या मदतनीस बाई महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी, फिट येणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक घ्यायच्या. मी कधी गेले नव्हते. रडारड असेल असं वाटायचं. आता बुडत्याला काडी म्हणून गेले, बरोबर आई आणि न बोलावता काकूही. रडारड कुठली? प्रत्येकानं आपल्याला काय काय हुंगवलं गेलं ते सांगायचं चाललं होतं. चप्पल आणि कांदा तर सगळ्यांनाच. एका रिक्षावाल्याला पेट्रोल. हातकणंगल्याच्या एका आजोबांना भर बाजारात कुणीतरी सुकट हुंगवली होती, आणि त्यांना हातात किल्ल्यांचा जुडगा धरून घरापर्यंत वरातीसारखं नेलं होतं. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षांत या विषयावर मी पहिल्यांदाच हसले होते, आणि इतकी माणसं माझ्यासारखी आहेत हे बघून मला खरोखर हलकं वाटलं.

बाईंनी मग नीट समजावलं. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात काही घालू नका, नाकाला काही लावू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना गाठा. काकूंना हे अपमानासारखं वाटलं. त्या उठून म्हणाल्या, मग आमी काय नुसतं बघत बसायचं व्हय? बाई म्हणाल्या, हो, घड्याळाकडं. काकू दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन आल्या, कांदा मात्र ओच्यात होताच.

बाईंनी सगळ्यांना एकेक वही दिली. फिट कधी आली, झोप किती झाली आणि गोळी किती वाजता घेतली, एवढं रोज लिहायचं. आकडे म्हटल्यावर मी नेटानं लिहिलं. पंधरा दिवसांनी बाईंनी वही चाळली, परत चाळली आणि मला नि आईला घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, ही संध्याकाळची वेळ रोज का सरकते? आईनं त्यांना कॅलेंडर समजावून सांगितलं. डॉक्टरांनी पेन काढलं. मग त्यांनी कागदावर मांडलं. या गोळीला बारा तासांचं अंतर हवं. थंडीत संध्याकाळची साडेपाचला, सकाळची दर्शन होऊन साडेआठला. रात्रीचे पंधरा तास. पहाटेपासून अंगात औषध उरतच नाही. उन्हाळ्यात दिवस मोठा, अंतर कमी, म्हणून फिट कमी.

गणिताची पदवी घेतलेल्या मुलीला ही वजाबाकी सात वर्षांत सुचली नव्हती, याची मला अजून लाज वाटते. आईनं विचारलं की मग सकाळी सूर्य उगवला की लगेच आणि संध्याकाळी अगदी मावळायच्या आधी दिली तर? मीच सांगितलं, थंडीत दिवसच अकरा तासांचा असतो. बारा बसत नाहीत. गोळी बदलता येईल, पण तशी घाई डॉक्टरांना करायची नव्हती. आधी हिला तिचे बारा तास द्या, मग बघू, असं ते म्हणाले. सकाळी आठ, रात्री आठ.

आईनं बस्तीतल्या पंडितांना विचारलं. आजाऱ्याला औषधाची मुभा असते, असं ते म्हणाले. तेवढ्यानं तिचं समाधान होईना. दिवाळीच्या पहिल्या दिवशी रात्री आठला ती गाळलेल्या पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हात मागं करून ग्लास पुढं धरलेला. म्हणजे तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत, सूर्यास्तानंतर कुणी पाणी प्यालं असं व्हायला नको. आठवडाभर मी सहन केलं. पहिल्या दिवशी तर हसूही आलं. ग्लास डगमगायचा, निम्मं पाणी माझ्या मांडीवर. पण रोज आपल्या आईची पाठ बघून औषध घ्यायचं, हे मला टोचायला लागलं. शाळेतल्या मुली फिट बघून अशाच पाठ फिरवून उभ्या राहायच्या.

नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी गोळी हातात धरून सांगितलं, "तोंड इकडं कर, मग घेतो."

"येळ चाललाय. घे."

"मी काय दारू पितोय व्हय इथं बसून?"

ती वळली नाही. मीही घेतली नाही. सव्वाआठ झाले, वीस मिनिटं झाली. गोळी घामानं तळहाताला चिकटली. माझी नोकरी, माझा गगनबावडा, सगळं त्या एका गोळीवर होतं हे मला कळत होतं. तरी मी हटले नाही, कारण मी तिचीच मुलगी आहे. अण्णा बाहेरच्या खोलीत हिशेब करत होते, त्यांना पत्ताच नव्हता.

मग आई वळली. डोळे लाल झालेले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तिनं ग्लास तोंडाला लावला आणि एक घोट प्याली. नीट, मोठा घोट. घशाची हालचाल मला दिसली. मग पदरानं तोंड पुसून तिनं ग्लास माझ्या हातात दिला.

"झालं? मी बी प्यालो. आता घे."

मी घेतली. पाणी घशात अडकलं आणि मी खोकत सुटले, तेव्हा तिनं पाठीवर दोन धपाटे घातले, जरुरीपेक्षा जोरात. दुसऱ्या दिवशी तिनं निर्जळी उपास केला आणि अण्णांना पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. तिनं पुन्हा कधी सूर्यास्तानंतर पाणी घेतलं नाही. पण त्यानंतर रोज आठला ती माझ्यासमोर, माझ्याकडं तोंड करून बसायची आणि गोळी खाली उतरेपर्यंत माझ्या घशाकडं बघत राहायची.

त्या वर्षी थंडी अशी पडली की गल्लीत रोज शेकोटी पेटायची आणि काकूंनी म्हशींवर पोती टाकली होती. मी माकडटोपी घालून आठची गोळी घेत राहिले, टोपीवरून भांडायची ताकद मी राखून ठेवली होती. होळी आली. अण्णा पोळीचा पहिला घास घेता घेता म्हणाले, सामान बांधायला लागा. फिट एकही नाही.

एप्रिलमध्ये शाळेसाठी डॉक्टरांचं पत्र आणायला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरांनी वही पाहिली. रात्री आठ, रात्री आठ, रात्री आठ. ते खूश झाले. आईकडं वळून म्हणाले, बघा, घड्याळानं गोळी दिली तर कसा फरक पडला.

आईनं एप्रिलातही सकाळच्या वाऱ्याला म्हणून मला घालायला लावलेली माकडटोपी माझ्या मांडीवरून उचलली, घडी करून स्वतःच्या पिशवीत घातली आणि मान वर न करता म्हणाली, "औंदा थंडीच कमी होती की."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या घोटाची गोष्ट आमच्या दोघींशिवाय तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती.

"व्हय," मी म्हणाले. "औंदा थंडी पडलीच न्हाई."