रघोजीरावांचं लाल तोंड

तंजावरच्या मेलवीधी या रस्त्यावर रघोजीरावांचं तोंड रिकामं कधी कुणी पाहिलं नव्हतं. कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ सकाळची कॉफी पोटात उतरते न उतरते तोच चांदीचा पानडबा उघडी, आणि मग गालातला विडा रात्रीपर्यंत हलत नसे. कुणी काही विचारलंच तर हनुवटी वर करून 'हूं' किंवा 'उहूं'. या दोन हुंकारांवर रावांनी अख्खी नोकरी रेटली. लोक त्याला दरारा म्हणत.

दातांविषयी त्यांचं मत ठाम होतं. दात म्हणजे डोक्याच्या केसांसारखे. आले तसे गेले, अंगाला त्याचं काय? पुढे घरोघर केबल आलं आणि पडद्यावर टूथपेस्टवाले दात विचकून नाचू लागले, तेव्हा चूळ भरता भरता राव म्हणाले, "आमचीं तोंडें धुवावयास साहेब पुन्हा आले!" दिल्लीनं बाजार उघडला होता खरा, राव मात्र तोंड उघडायला तयार नव्हते.

अशात एका चैत्रात भर दुपारी मोठ्या देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालताना तापलेल्या फरशीनं त्यांच्या अंगठ्याला फोड आला. साखरेचा विकार जुना, पायाला बधिरपणा. भाजल्याचं कळलंसुद्धा नाही. फोडाची जखम झाली आणि ती काही भरेना.

डॉक्टर राममूर्तींनी नुकताच एसी दवाखाना थाटला होता. त्यांनी गोळ्या वाढवल्या, मग इन्सुलिन सुरू केलं. रावांनी केळी सोडली, पायसम सोडलं, भात निम्म्यावर आणला. साखर हटून बसली. डॉक्टरांनी डोळे पाहिले, छाती पाहिली, पाय तर रोजच पाहत.

"गोड खाता?"

"उहूं."

"दातांचा काही त्रास?"

"उहूं."

वडीलधाऱ्या माणसाला 'आधी थुंकून या' म्हणायचं कसं? एवढे शिकलेले डॉक्टर, पण भिडेपुढे त्यांचंही शिक्षण आडवं पडलं. शेवटी एक दिवस ते म्हणाले, की अशीच जखम चिघळत राहिली तर अंगठा काढावा लागेल, आणि पुढे पायाचंही सांगता येत नाही. राव मनातून पार हादरले. दिवसभर अंगठ्याकडे बघत बसत, आणि धीर यावा म्हणून आणखी एक विडा लावत.

मग वडिलांचं श्राद्ध आलं. श्राद्ध करणाऱ्यानं पिंडदान होईपर्यंत पानाला शिवायचं नाही. दातही घासायचे नाहीत, नुसती चूळ भरायची. राव हे मात्र काटेकोर पाळत. सकाळी परसात ते चूळ भरत होते आणि पत्नी विशालाक्षीबाई तांब्यानं पाणी घालत होत्या. रावांनी चूळ टाकली आणि धुण्याचा दगड लाल झाला.

विशालाक्षीबाईंचा पारा चढला. "आजच्या दिवशींही पान? बापाचा तरी मान ठेवावयाचा होता!"

"खाल्लें नाहीं!"

"मग हें काय?"

"देवाशपथ खाल्लें नाहीं. हें पाहा!" आणि आपला निर्दोषपणा सिद्ध करायला रावांनी भला मोठा आ केला.

इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी ती गुहा प्रथमच पाहिली. हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या, दात हलणारे, फटींतून पू. बाई दोन पावलं मागे सरल्या. रोज पानाच्या लालीत रक्त बिनबोभाट मिसळत होतं आणि घरातले सगळे त्याला विड्याचा रंग म्हणत होते.

ब्राह्मण जेवून उठताच बाईंनी नवऱ्याला ऑटोत घातलं आणि नात्यातल्या कनकलताकडे नेलं. ती दातांची डॉक्टर. राव तिला आजवर 'उपटणारी' म्हणत. तिनं तोंडात दिवा धरला आणि कपाळाला हात लावला.

"मामा, तोंडांत एवढा पू साठविला तर साखर कशी उतरेल? हा साखर चढवितो, आणि चढलेली साखर जखम भरूं देत नाहीं. इन्सुलिन बिचारें एकटें काय करील?"

राममूर्तींना फोन करून तिनं हलणारे दात काढले, हिरड्या साफ केल्या, पानडबा बाईंच्या स्वाधीन केला. इन्सुलिन तेच होतं. पण आता साखर हळूहळू खाली येऊ लागली. जखम सुकली. अंगठा राहिला.

राव सगळ्यांना सांगत सुटले, पितरांची कृपा! तोंड मोकळं झाल्यामुळे आता ते खूप बोलत, आणि मेलवीधीला कळून चुकलं की त्या विड्यामागे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतंच. दरारा गेला तो गेलाच.

रोज सकाळी विशालाक्षीबाई बॅटरी घेऊन समोर उभ्या राहतात. "आ करा."

सारी कचेरी ज्याच्या एका 'उहूं'ला टरकून असे, तो माणूस एकवार आपल्या अंगठ्याकडे बघतो आणि मुकाट्यानं आ करतो.