कॅलेंडरच्या पाठीवरच्या बातम्या

लिहिलेलं काहीही समोर आलं की आमचे थोरले भाऊजी ते मोठ्याने वाचणारच, यातून त्यांना देवही सोडवू शकत नाही. थोरले भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे मोठे भाऊ. नगरहून एसटीत बसले की पारनेर येईपर्यंत खिडकीतून दिसेल ती पाटी वाचतात. ‘येथे पंक्चर काढून मिळेल’पासून ‘वर पाहू नये’पर्यंत काही सुटत नाही. लग्नात मांडवाच्या दारावरच्या फलकातली सगळी निमंत्रक मंडळी वाचून होईपर्यंत आत मंगलाष्टकं संपलेली असतात आणि अक्षता यांच्या मुठीतच राहतात. खोकल्याचं औषध घ्यायचं तर आधी बाटली वाचतात, आणि ती वाचून होईतो खोकला कंटाळून थांबतो. अशा माणसाने तालुक्यात केबलवर बातम्या सुरू केल्या यात नवल नाही. वाचलेलं त्यांच्या डोक्यात शिरतच नाही, डोळ्यांतून निघतं ते थेट तोंडात येतं.

बातम्या आमच्याच घरातल्या बाहेरच्या खोलीतून संध्याकाळी सात वाजता निघतात. भाऊजींच्या मागे निळा पडदा दिसतो ती जाऊबाईंची साडी आहे. जाऊबाईंना कुठे लग्नाला जायचं असलं की साडी उतरते आणि त्या दिवशी भाऊजींच्या मागे पोपटांची चादर येते. चादर दिसली की गावाला बातमीआधी कळतं, आज बाई घरात नाहीत. आवाज नको म्हणून सातला पंखा बंद. साडेसातपर्यंत कुकर लावायचा नाही असा भाऊजींचा हुकूम आहे, पण जाऊबाई म्हणतात, “पोरं काय बातम्या खाणारेत का?” त्यामुळे आमदारांच्या दौऱ्यात दोन शिट्ट्या ठरलेल्या. कॅमेरा शेजारच्या इस्माईलभाईंचा. त्यांचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, त्यामुळे एकदा उसाची ट्रॉली उलटल्याची बातमी चालू असताना ट्रॉलीच्या चारी बाजूंनी गुलाब उमलले. भाऊजी चिडले तर इस्माईलभाई म्हणाले, “गुलाब काढायला गेलो तर ट्रॉलीच जाते हो! बटन एकच हाय.”

लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चौथी शिकलेली, पण अक्षर मोठं आणि सरळ. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर जाड पेनाने बातमी लिहायची आणि कॅमेऱ्याच्या खाली जमिनीवर बसून ते पान तोंडासमोर धरायचं. मी थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलत नाही, आमच्याकडे तशी पद्धत नाही. ते जाऊबाईंना म्हणतात, “धाकलीला म्हणावं, अक्षर झकास,” आणि मी दाराआडून ऐकते. पण सात वाजता पानाच्या मागे माझं तोंड झाकलेलं असतं आणि मी लिहिलेलं ते गावाला ऐकवतात. चौदा वर्षांत आमचं जे काही बोलणं झालं ते एवढंच.

सुरुवातीला मला अंदाज नव्हता. एकदा पानाच्या कोपऱ्यात मी आठवणीसाठी काही लिहून ठेवलं होतं. भाऊजींनी कांद्याचे भाव वाचले आणि त्याच सुरात पुढे गेले, “तसेच गिरणीतून दळण आणायचे राहिले आहे, अशी माहिती सूत्रांनी दिली.” ‘अशी माहिती सूत्रांनी दिली’ हे त्यांचं लाडकं वाक्य, ते प्रत्येक बातमीला शेपटीसारखं लागतं. जेवतानाही म्हणतात, “आमटीत मीठ कमी असल्याची माहिती सूत्रांनी दिली.” जाऊबाई म्हणतात, “सूत्रांनाच सांगा उद्यापासून आमटी करायला.” त्या दिवशी मात्र गिरणीवाल्याने स्वतः दळण घरी आणून दिलं. त्याला वाटलं, आपली तक्रार टीव्हीवर गेली.

आमच्या बातम्यांतलं सगळ्यांत महत्त्वाचं पान पाण्याचं. उन्हाळ्यात आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, आणि कोणत्या आळीचा नंबर ते तेव्हा गाव आमच्याकडूनच ऐकायचं. मजकूर दर वेळी तोच, म्हणून मी नवं पान न लिहिता एकाच पानावर आळीच्या नावाची पट्टी खळीने चिकटवत असे. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ‘खालच्या’वर ‘वरच्या’ची पट्टी लावली होती. उकाड्याने की काय, पान वर धरल्यावर ती निघाली. मी पानाच्या मागे, मला काय दिसणार? भाऊजींनी समोर होतं ते वाचलं.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं ते वरच्या आळीला. तिथल्या बायका पहाटेच कांदा काढायला गेलेल्या. खालची आळी हंडे मांडून बसली आणि वरच्या आळीचे नळ दोन तास बंदच राहिले. मला झाडताना कॅमेऱ्याच्या पायाशी ती पट्टी सापडली, तेवढ्यात बायका दारात आल्या. पुढे कौसाबाई, रिकामी घागर कमरेवर.

“व्हय ओ बातम्यावाले, आठ दिस आता काय तुमची बातमी उकळून प्यायची का?”

भाऊजी बनियनवरच बाहेर आले. “चुकलं, कौसाबाई.”

“चुकलं म्हंजी? लिवलं कुनी ते सांगा!”

मी दाराआड पट्टी मुठीत धरून उभी होते. चौथी शिकलेल्या बाईच्या हातात पेन दिलंच कशाला, असं एकीने म्हटलं असतं की ते पेन गेलंच असतं. स्वयंपाकघराबाहेर माझं म्हणावं असं तेवढंच काम होतं.

भाऊजी म्हणाले, “तोंड कुनाचं होतं? माझं ना? मग मला बोला.”

आणि त्यांनी केबलच्या तारा न्यायची जीप काढली. मित्राच्या विहिरीवरून पिंपं भरून चार दिवस वरच्या आळीला पाणी वाहिलं. तिथेही सवय जाईना. प्रत्येक दारावरचं ‘शुभ लाभ’, ‘कुत्र्यापासून सावध राहा’ वाचायचे. शेवटी कौसाबाई ओरडल्या, “पानी वता आधी, दारं काय वाचता!”

पण मला बायका दारात आल्या त्याच दिवसाची संध्याकाळ सांगायची आहे. जाऊबाई म्हणाल्या, “माफीचं पान लिही गं.” पेन गेलं तर जाऊ दे, पण लबाडी नको, असं ठरवून मी लिहिलं, ‘काल पाण्याची बातमी चुकली. चूक लिहिणारीची आहे. वाचणाऱ्याचा दोष नाही.’ समोर आलेलं काहीही न वाचता सोडणारा हा माणूस नव्हे, त्यामुळे ते गावाला ऐकू जाणारच होतं. मी पान वर धरलं.

“काल पाण्याची बातमी चुकली,” भाऊजींनी वाचलं आणि ते थांबले. बातम्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदा थांबले. आत कुकरची शिट्टी झाली.

मग म्हणाले, “चूक वाचणाऱ्याची आहे. लिहिलेलं बरोबर होतं, अशी माहिती सूत्रांनी दिली.”

मी पान तसंच धरून बसले. थोड्या वेळाने वरून आवाज आला, “पान पलटा.” तेही सगळ्या गावाने ऐकलं. ते थेट मला म्हणाले होते.

आता पाण्याची वेळ लोकांना मोबाईलवर कळते. सातला टीव्ही लावणारी घरं थोडी राहिली, त्यातलं एक कौसाबाईंचं. भाऊजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणतात, बातम्या बुडतील. मी अक्षर मोठं करत गेले, आता एका पानावर चारच शब्द मावतात आणि कॅलेंडरं पुरत नाहीत.

माफीचं ते पान माझ्या पेटीत साड्यांच्या खाली आहे. पुष्कळदा मनात येतं, एखाद्या संध्याकाळी ते हळूच गठ्ठ्यात सरकवावं आणि त्यांच्याकडून एकदा ते पुरतं वाचून घ्यावं. पण त्यावरचं अक्षर तेव्हाचं आहे, बारीक. आता त्यांना ते दिसायचं नाही.