चौथ्या वॉर्डातली पायी गस्त

रेजिना कोस्टेल्निकने पोलिसात एकोणतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा वर्षं भरतीसाठी माणसं शोधण्यात. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून अमेरिकेतल्या हॅरोव्हिल गावात पोलीस व्हायला कोणी धजत नसे. जे यायचे ते काम शिकले की पिट्सबर्गच्या उपनगरांत निघून जायचे. तिथं पगार बराच जास्त. भरतीचं काम सार्जंट म्हणून रेजिनाच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

एका वर्षी केंद्र सरकारचं अनुदान मिळालं. चौथ्या वॉर्डात पायी फिरणारा, लोकांना नावानं ओळखणारा एक पोलीस नेमायचा. तीन वर्षं पगार सरकार देणार, पुढं गावानं द्यायचा. अर्ज रेजिनानेच लिहिला होता, पण माणूस मिळेना. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी चर्चमध्ये मासळीचं जेवण असे, तिथं ती टेबल मांडून बसली. लोक भरतीचं पत्रक घेत आणि त्यालाच तेलकट हात पुसत.

मग एका दुपारी तिनं इव्हेट टॉलिव्हरला पाहिलं. इव्हेट शाळेची बस चालवायची. रस्त्यात दोन बाप्ये मारामारी करत होते. तिनं बसचं दार उघडलं, दोघांना नावानं हाक मारली आणि मुलांना उशीर होतोय एवढंच सांगितलं. दोघं मुकाट्यानं बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी रेजिना बसच्या डेपोवर गेली. पोलिसात येतेस का, म्हणून विचारलं. इव्हेट हसली.

"माझ्या भावाला तुमच्याच लोकांनी दोनदा उगाच उचललं होतं."

"माहीत आहे. म्हणून तर तुला विचारतेय."

दोन मुलींची आई ती. विचार करायला तिनं महिना घेतला. लेखी परीक्षा सहज झाली, पण दीड मैल धावण्यात दोन मिनिटं मागं पडली. अकरा आठवडे रोज सकाळी रेजिना दुखरे गुडघे घेऊन शाळेच्या मैदानावर घड्याळ धरून उभी राहिली. शेवटी इव्हेट नऊ सेकंद राखून पास झाली.

तीन वर्षं ती वॉर्डात चालली. पोलिसाची गाडी दिसली की दारं लावून घेणारी माणसं तिच्याशी पायऱ्यांवर बसून बोलू लागली. रिकाम्या घरांतले तांब्याचे नळ कोण चोरतं ते कळेना, तेव्हा वॉर्डातल्या मिसेस प्रुइट आपल्या तीस वर्षांच्या लेकाला स्वतः घेऊन आल्या. याला तुझ्याच हवाली करते, दुसऱ्या कोणाच्या नाही, असं म्हणाल्या.

अनुदान संपत आलं तसं नगरसेवकांनी जाहीर केलं की एक जागा कमी करावी लागेल. सर्वांत नवी, म्हणजे इव्हेटची. रेजिनाला पूर्ण पेन्शनला दोन वर्षं बाकी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, कमी करायची ती माझी जागा करा म्हणून, तिनं निवृत्तीचा कागद पोलीस चीफच्या टेबलावर ठेवला. पेन्शन कमी मिळेल, विचार कर, असं ते म्हणाले. विचार करून झालाय, ती म्हणाली.

संध्याकाळी इव्हेट गणवेशातच रेजिनाच्या घरी आली. बसायला तयार होईना.

"मी मागितलं होतं का तुमच्याकडे? आता हा बोजा मी आयुष्यभर वाहायचा?"

"बोजा कसला? मी थकले गं. पुन्हा पत्रकं घेऊन नवा माणूस शोधायचं त्राण नाही माझ्यात."

बरंचसं खरंच होतं ते.

जागा वाचली. पण वसंतात गस्तीच्या गाडीवरचे दोघं नोकरी सोडून गेले आणि इव्हेटला गाडीत बसवलं. पायी गस्त तूर्तास बंद. रेजिनाला हे किराणा दुकानात मिसेस प्रुइटकडून कळलं. तिनं चीफला फोन केला.

"गाडीला माणूस नाही, रेजिना," ते म्हणाले. "तू असतीस तर तुलाच शोधायला सांगितलं असतं."

तिनं फोन ठेवला. राग येईल असं वाटलं होतं, आला नाही.

उन्हाळ्यात इव्हेटचा फोन आला. तिलाही एका उपनगरातल्या पोलिसांकडून बोलावणं आलं होतं. काय करू, असं ती विचारत होती. रेजिनानं सहा वर्षं लोकांना त्याच वाटेवरून मागं वळवायचा प्रयत्न केला होता. सगळी वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही तोंडून निघेना.

"मुलींचं बघ आधी," ती म्हणाली.

इव्हेट अजून गेलेली नाही. दर महिन्याला म्हणते, पुढच्या महिन्यात ठरवू.