खिडकी भेटली

"खिडकी भेटली? मग काय म्हणाली खिडकी?"

सरांनी असं विचारलं आणि वाङ्मय मंडळाची सगळी खोली हसली. मीही हसले. हे आधीच लिहून टाकते, कारण सगळ्यात जास्त लाज मला त्याचीच वाटते.

आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकात 'तरुणांची मतं' असं एक सदर होतं. पाच विद्यार्थी, सगळ्यांना तेच प्रश्न. आयुष्याकडून काय हवं, कोणतं काम आवडेल, आवडता प्रवास कोणता, आयुष्याचं तत्त्व काय. चार नावं ठरलेली होती. पाचवी मी. सर म्हणाले होते, तुमच्यातलंही कुणीतरी हवं. तुमच्यातलं म्हणजे कुणातलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आमचं घर कामठीला, बाप हातमागावर, आई सुताच्या कांड्या भरायची. सरांना आडनाव पुरलं असणार.

प्रवासाच्या प्रश्नाखाली मी लिहिलं होतं, 'कामठी ते नागपूर, सकाळची बस. खिडकी भेटली तर पुस्तक वाचते. नाही भेटली तर लोकांची तोंडं वाचते.' मला वाटलं होतं, हे वाक्य चांगलं जमलं आहे. सरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तोंडांपर्यंत पोचलेच नाहीत. 'भेटली'वरच अडकले.

मला खरंच माहीत नव्हतं. मले-तुले मी कामठीच्या स्टँडवरच सोडून यायची. बसमध्ये ओठांतल्या ओठांत घोकायची, मला, तुला, त्याला. काहून नाही, का. पण भेटणं चुकतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे सगळं भेटतं. राशन भेटतं, नोकरी भेटते, मारही भेटतो.

मृणाल सरांच्या शेजारी बसली होती. अंकाची विद्यार्थी संपादक. धरमपेठेतल्या डॉक्टरांची मुलगी. ती सगळ्यात हळू हसली, रुमाल ओठाला लावून. तिचं हसणंसुद्धा इस्त्री केलेलं.

आता खरं सांगते. मी तिच्यावर जळायची. तिच्या साडीवर नाही, साडीचं काय. तिची उत्तरं मी वाचली होती. आवडता प्रवास काश्मीर, शिकाऱ्यात बसल्यावर तिला स्वतःची ओळख पटली. आम्हाला आमची ओळख लोक रोज घरपोच आणून देतात, त्यासाठी तळं लागत नाही. कामाच्या प्रश्नाखाली तिनं लिहिलं होतं, 'अजून ठरवलेलं नाही. आधी जग पाहायचं आहे.' या एका ओळीवर मी आठ दिवस जळले. अजून ठरवलेलं नाही. माझ्या घरात असं वाक्य कुणी बोललं नव्हतं. आईचं काम ती नऊ वर्षांची असताना ठरलं. मृणाल कधीकधी म्हणायची, कंटाळा आला बाई. मला तिचा कंटाळासुद्धा हवा होता.

आणि तत्त्व? मृणालचं तत्त्व साधेपणा. माझं काय होतं, ते पुढे येईल.

घरी मी हसण्याचं काही सांगितलं नाही. बापानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, पोरीचं नाव छापून येणार. आमच्या घरातलं नाव तोवर फक्त राशनकार्डावर आणि मतदार यादीत आलं होतं. रोज मागावरून उठला की विचारायचा.

"काय वं, भेटलं का पुस्तक?"

भेटलं. मी खाली मान घालून नाही म्हणायची. पहिल्यांदाच मला बापाच्या तोंडातला शब्द टोचला. सरांनी माझं काय केलं होतं, ते हे होतं.

पंधरा दिवसांनी सीताबर्डीच्या छापखान्यातून पानांची प्रुफं आली. आम्ही पाचही जण खोलीत बसलो. आपापलं पान वाचून खाली सही करायची होती. माझं पान वाचलं. खिडकी 'मिळाली' झाली होती. तोंडं वाचायची ओळ गेलीच होती. कामाच्या प्रश्नाला मी लिहिलं होतं, 'ज्यात बसायला खुर्ची आणि आजारपणात सुट्टी भेटते ते कोणतंही काम.' तिथे छापलं होतं, 'समाजसेवा.' वर माझं नाव. सुंदर, ठळक अक्षरांत. मी त्या नावाकडे बराच वेळ पाहत राहिले. बापाला एवढंच हवं होतं. सही केली असती तर संपलं असतं. पेन उघडलंही होतं.

तेवढ्यात सर आले. घामाघूम. उशीर झालेला. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "काय करणार, रिक्षाच भेटला नाही."

कुणी हसलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सर नागपूरचेच, मृणालही नागपूरचीच. घरी त्यांनाही सगळं भेटतच असणार. चूक शब्दात नव्हतीच. चूक तो कुणाच्या तोंडून आला, यात होती. माझ्या डोक्यात तेव्हा असं नीट काही आलं नाही. फक्त कान तापले आणि तोंडातून निघालं.

"मग काय म्हणाला, सर? रिक्षा?"

मृणालला हसू आलं होतं, ते तिनं गिळलं. तिला काही गिळावं लागताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सरांना समजायला वेळ लागला. मग म्हणाले, बोलण्यात चालतं, लिखाणात शुद्धच लागतं. मी म्हटलं, मग भाषा शुद्ध करा. समाजसेवा कुठून आली? ती मी लिहिलीच नव्हती. आमच्या गल्लीत काम करण्याला समाजसेवा म्हणत नाहीत. समाजसेवा करायला आधी त्या समाजाच्या बाहेर घर असावं लागतं.

"तुम्हाला संधी दिली होती," सर म्हणाले. "सही करा, नाहीतर पान जाणार नाही."

मी प्रुफावर 'मिळाली' खोडून 'भेटली' केलं. समाजसेवा खोडली. मग शेवटच्या प्रश्नावर आले. तिथलं उत्तर सरांनी जसंच्या तसं ठेवलं होतं. त्यांना आवडलं असणार. 'माझे तत्त्व : कुणाचा हेवा करू नये.' हे मी लिहिलं होतं. मृणालवर जळत असताना, चांगली मुलगी दिसावी म्हणून. पानात एकच चूक होती, आणि ती माझी होती. तीही खोडली.

सही केली नाही.

अंक निघाला. चारच मतं होती. बापाला सांगितलं, माझं पान नाही आलं.

"काहून?"

सगळं सांगितलं, हसण्यासकट. तो खूश झाला नाही. गल्लीत काय सांगू, एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं विचारलं, ते लोक काय म्हनतात मंग? मी म्हटलं, मिळाली म्हणतात. त्यानं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला.

"मियाली. हे तं कोनी आनून देल्यावानी वाटते." आणि मागावर जाऊन बसला.

त्यानंतर मी पत्रकं लिहायला शिकले. पहिलं पत्रक सायक्लोस्टाइल करून मी कॉलेजच्या फाटकावर स्वतः वाटलं. त्यात तेच प्रश्न होते आणि माझी उत्तरं. एक पत्रक सरांच्या हातात दिलं, एक मृणालच्या. शेवटचा प्रश्न तत्त्वाचा. त्याखाली लिहिलं होतं :

'मी हेवा करते. काश्मीरचा करते, न ठरवलेल्या कामाचा करते, कंटाळ्याचा करते. हेवा करू नये हे आम्हाला तेच शिकवतात, ज्यांच्याकडे हेवा करण्यासारखं सगळं आहे. तुम्हाला जे घरबसल्या मिळतं, ते आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोरीला भेटेपर्यंत मी हे जळणं विझू देणार नाही. हे मत दुरुस्तीसाठी नाही.'