शामकांत देवस्थळी यांची सरासरी उंची

शामकांत देवस्थळी मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. इंजिनरूम पाण्याच्या पातळीखाली असते, आणि सुट्ट्या वजा जाता तिथे आपली एकवीस वर्षं गेली, हे त्यांना निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी, सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये पोहे खाताना एकदम जाणवलं.

"सहा मीटर खाली, एकवीस वर्षं," ते बायकोला म्हणाले. "सुमित्रा, माझ्या आयुष्याची सरासरी काढली तर मी समुद्रसपाटीच्या खाली आहे."

"आपण अकराव्या मजल्यावर राहतो," सुमित्राबाई म्हणाल्या.

"घर धरायचं नाही."

का धरायचं नाही, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. गणित मात्र चोख होतं: मीटर गुणिले दिवस. चार हजार मीटर उंचीवर बारा दिवस काढले की सगळं उणं भरून निघत होतं. लडाखमध्ये गाइडसोबत गावागावांतून, गोंपांमधून, म्हणजे बौद्ध मठांतून, नेणारा बारा दिवसांचा ट्रेक निघाला, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. मुलगी अनुया रॅफल्स प्लेसच्या बँकेतून संध्याकाळी घरी आली आणि तिने हिशेबाचा कागद दोनदा वाचला. "बाबा, असं ॲव्हरेज नसतं लाह," एवढंच सिंगापुरी ढंगात म्हणाली आणि आंघोळीला गेली.

गाइडचं नाव स्तान्झिन. तिशीचा, शांत माणूस. पहिले तीन दिवस त्याला काही खटकलं नाही. चौथ्या दिवशी वाट नदीकडे उतरू लागली आणि शामकांतराव वाटेतच उभे राहिले.

"खाली का जायचं?"

"गाव खाली आहे, अंकल. जेवण तिथे आहे."

ते उतरले, पण मनाविरुद्ध. ट्रेकमधले बाकीचे सहा जण एका घराच्या अंगणात जवाचं पीठ कालवलेला चहा पीत असताना शामकांतराव मागच्या उतारावर दीडशे मीटर चढून एका दगडावर जाऊन बसले, आणि तिथूनच ओरडून त्यांनी आपला चहा वर मागवला. विरळ हवेत माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागला की त्याला ताबडतोब खाली न्यायचं, हे स्तान्झिनला पक्कं माहीत होतं. तो धावत वर गेला.

"अंकल, आज वार कोणता?"

"मंगळवार. आणि मला अजून तीस हजार मीटर-दिवस कमी पडतायत."

स्तान्झिनने त्यांचा दंड धरला. गावात एकाच भिंतीपाशी मोबाइलला रेंज यायची. तिथे उभं राहून त्याने सिंगापूरला फोन लावला आणि हिंदीत घाबऱ्या घाबऱ्या सगळं सांगितलं. यांना आजच्या आज खाली आणावं लागेल, म्हणाला.

"आणा हवं तर," सुमित्राबाई म्हणाल्या. "पण खालीही ते असेच असतात."

स्तान्झिनने शामकांतरावांचा दंड सोडला आणि ट्रेक पुढे निघाला.

दहाव्या दिवशी ते कड्याला चिकटलेल्या एका गोंपात पोचले. तिथले म्हातारे लामा पूर्वी गोंपाच्या शाळेत गणित शिकवत. शामकांतरावांनी हिशेबाची वही पुढे केली. लामांनी चष्मा लावून पानं उलटली. बाजूला प्रार्थना चालली होती, मोठे ढोल वाजत होते.

"माल उतरवल्यावर," लामांनी विचारलं, "जहाज वर येत नाही का?"

शामकांतराव वहीवर वाकले. येतं. अर्थातच येतं. रिकामं जहाज किती वर येतं हे ज्याला प्रत्येक बंदरात दिसायचं, तो माणूस सगळीकडे सहा मीटर धरून बसला होता. लामांनी पेन्सिलीने सहाचे पाच केले आणि उत्तर काढून दिलं. शामकांतराव त्याच दिवशी दुपारी, गोंपात पोचण्याआधीच शून्याच्या वर आले होते. त्या वेळी ते तंबूत बसून उकडलेला बटाटा सोलत होते.

"काहीच जाणवलं नाही हो," ते लामांना म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लामांनी त्यांना आणखी एक बटाटा दिला.

दुसऱ्या दिवशी खिंड चढताना शामकांतराव थांबले आणि म्हणाले, "काय सुंदर आहेत हे डोंगर!"

स्तान्झिन गर्रकन वळला. अकरा दिवसांत हा माणूस डोंगराबद्दल एक चांगला शब्द बोलला नव्हता.

"अंकल, आज वार कोणता?"

"असेल कुठलातरी," शामकांतराव गोड हसले आणि ओकले.

या वेळी विरळ हवा खरोखर बाधली होती. स्तान्झिनने त्यांना खेचरावर बांधलं आणि नऊशे मीटर खाली एका गावात आणलं. तिथे एका आजींनी त्यांना दोन दिवस सूप पाजलं आणि बरं वाटू लागल्याबरोबर लोकर पिंजायला बसवलं. बाकीच्यांनी खिंड पाहिली, पलीकडचा उत्सव पाहिला. यांनी काहीच पाहिलं नाही.

सिंगापुरात परतल्यावर तिथल्या मराठी मंडळाने त्यांचं भाषण ठेवलं, फोटोंसह. फोटो सगळे उतरतानाचे होते, खेचराच्या पाठीवरून काढलेले. प्रत्येकात दोन कान, आणि कानांच्या मधे थोडंसं लडाख. शामकांतराव चाळीस मिनिटं त्या खेचराबद्दल बोलले. पाऊल टाकण्याआधी ते दगड कसं चाचपतं, आणि दमलं की कुणाला न विचारता कसं उभं राहतं. सुमित्राबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा हात फक्त त्यांनीच वर केला.

"त्याचं नाव काय होतं?"

"विचारायचंच राहिलं गं," शामकांतराव म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका उतरला की सभागृहात कुणी हसलं नाही.